हक्कसोडीला सवड हवी

घरातला कर्ता माणूस गेला की दहाव्या-तेराव्याला सगळी भावंडं एकत्र येतात. लेकी आलेल्या असतात, जावई आलेले असतात, पुण्या-मुंबईकडचा भाऊ रजा काढून आलेला असतो. विधी उरकतात, जेवणं होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "सगळे आहातच, तर तालुक्याला जाऊन ते सहीचं काम करून टाकू. परत परत कुठे येणं होतंय तुमचं?" बोलणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतंच असं नाही. अनेकदा खरंच सोय बघूनच हे सुचवलेलं असतं. पण ते काम म्हणजे हक्कसोडपत्र असतं. वडिलांच्या जमिनीतला, घरातला आपला हिस्सा बहीण त्या दिवशी कायमचा सोडून देते. रडून रडून डोळे सुजलेले, आईची काळजी, सासरी परतायची घाई, आणि आयुष्यातला बहुधा सगळ्यात मोठा आर्थिक व्यवहार परतीच्या गाडीच्या वेळेवर बेतलेला.

विचार करून निर्णय घ्यावा, म्हणजे पुढे पस्तावायची वेळ येत नाही, असं आपण मुलांना सांगत असतो. विचार करायला काय लागतं, हे मात्र फारसं बोलत नाही. वेळ लागतो. आपण नेमकं काय देतोय, याची माहिती लागते. आणि 'नाही' म्हटलं तर काही तुटणार नाही, एवढी खात्री लागते. हक्कसोडीच्या वेळी या तिन्ही गोष्टी बहिणीजवळ नसतात. म्हणून पुढे पस्तावलेल्या बहिणीला "तेव्हा डोकं कुठे गेलं होतं?" असं विचारणं मला अन्यायाचं वाटतं. तिचं डोकं ठिकाणावरच होतं, ते वापरायला कुणी सवड दिली नव्हती. ही सवड कायद्याने द्यावी, आणि कायदा होईपर्यंत घराघरांनी आपणहून द्यावी, एवढंच मला सांगायचं आहे.

ती काय सोडते, ते आधी पाहू. हा हक्क काही आपोआप मिळालेला नाही. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने जन्मसिद्ध हिस्सेदार केलं. त्यातून तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला आली आणि लग्नाची अट गेली. तरीही पुढची पंधरा वर्षं एक प्रश्न कोर्टांत घोळत राहिला: त्या तारखेला वडील हयात नसतील तर काय? 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या कायम राहिल्या. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यातही आई, मुलगे आणि मुली यांना सारखाच वाटा मिळतो. (हे हिंदू वारसा कायद्याचं झालं, मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, पण मुलगी तिथेही वारस आहेच.)

आता आकडे मांडू. सहा एकर जमीन, मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. जमीन वडिलोपार्जित असो की वडिलांनी घेतलेली, हिशोब शेवटी एकाच जागी येतो: पाच जणांना एक पंचमांश. म्हणजे प्रत्येकी 48 गुंठे, एक एकर आठ गुंठे. दोघी बहिणींनी मिळून दोन एकर सोळा गुंठे सोडले. गावाजवळची, रस्त्याकडेची, पाण्याखालची जमीन असेल तर ही रक्कम केवढी होते, ते ज्याने त्याने आपल्या तालुक्याचा रेडी रेकनर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरांचा तक्ता, काढून पाहावं. सही करणाऱ्या बहिणीने तो पाहिलेला नसतो. कितीतरी जणींना तर आपल्या वडिलांच्या नावावर एकूण किती क्षेत्र आहे, किती गट आहेत, हेच नीट ठाऊक नसतं. सातबारा भावाच्या फाइलीत असतो, आणि "जरा बघू" म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं माहेरी ठरून गेलेलं असतं.

इथे सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एकच समजण्याने. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळी. वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांची खबर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार, म्हणजे नावं बदलण्याची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर लागतात. त्यासाठी कुणालाही काहीही सोडावं लागत नाही. पण बहिणींना सांगितलं जातं ते असं: "वारस लावायचेत, तुमच्या सह्या लागतील." आणि त्या ओघात समोर येतो तो हक्कसोडीचा कागद. "वारस लावायला म्हणून गेले होते हो," हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की मला आता त्याचा पुढचा भाग ऐकावा लागत नाही.

नावं लागतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. जुने सातबारे काढून पाहा. कित्येक ठिकाणी मुलांची नावं कब्जेदार म्हणून आणि मुलींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली सापडतील, जणू त्या वारस नसून त्यांचा काहीतरी किरकोळ संबंध आहे. नाहीतर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लावून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून त्याचं एकट्याचं नाव चढवलेलं, आणि बाकीच्यांची नावं कागदावरून गायबच.

हक्कसोडपत्राची भाषा एकदा नीट वाचावी. दस्तलेखकाच्या संगणकात मसुदा तयार असतो, नावं आणि गट नंबर बदलले की झालं. 'मी राजीखुशीने, समजून उमजून, कोणाच्याही दबावास वा दडपणास बळी न पडता, भावाबहिणीचे प्रेमाचे संबंध कायम राहावेत म्हणून सदर मिळकतीवरील माझा हक्क विनामोबदला सोडत आहे. यापुढे सदर मिळकतीत माझा अथवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.' समजून उमजून या शब्दांचा अर्थ उलगडून सांगायला तिथे कुणी बसलेलं नसतं. 'माझ्या वारसांचा' या शब्दापाशी तर थांबायलाच हवं. तिच्या मुलांना तिच्याकडून जे मिळालं असतं तेही ती इथेच सोडते आहे, आणि त्या मुलांना याचा पत्ताही नसतो.

दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी असते. नंबर येतो, फोटो निघतो, अंगठा उठतो, ओळखदार सही करतात. 'दस्त तुम्हीच करून दिलाय ना? मान्य आहे ना?' मान डोलते, पुढचा नंबर. निबंधकांना मी दोष देत नाही. नोंदणी कायद्याने त्यांच्यावर टाकलेली जबाबदारी एवढीच आहे: माणूस तोच आहे का आणि सही केल्याचं तो कबूल करतो का. कागद करून देण्यात शहाणपणा आहे की नाही, तिला तो समजलाय की नाही, हे विचारणं त्यांच्या कामात बसत नाही. आणि विचारलं तरी उत्तर काय मिळणार? शेजारी भाऊ उभा, मागे भावजय, बाहेर गाडीत आई. मुद्रांक शुल्कही रक्ताच्या नात्यात अगदी नाममात्र, काही शे रुपयांचं. विकायला गेलं तर लाखांत जाणारी जमीन इथे काही शे रुपयांत हातची जाते. एरवी अडथळ्यांबद्दल आपण सरकारला बोल लावतो. इथे अडथळा नाही, हीच अडचण आहे.

पस्तावा लगेच येत नाही, म्हणून तो दिसत नाही. तो येतो नवरा अकाली गेल्यावर, दीर हिस्सा द्यायला नाही म्हणतो तेव्हा. तो येतो मुलाच्या फीसाठी सोनं मोडताना. आणि तो हमखास येतो रस्ता आला की. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून गेला. ज्या गटातून तो गेला त्या गटाचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याच्या खात्यावर जमा झाला. जिचं नाव काही वर्षांपूर्वी 'प्रेमाचे संबंध कायम राहावेत म्हणून' निघालं होतं तिला काय वाटलं असेल, ते कुठल्या अहवालात येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी दोघा भावांना असंच सोडून दिलं होतं. पुढे जमिनीला भाव आला, भावांनी विकली, तालुक्याला घरं बांधली. "मला पैसे नको होते," त्या म्हणाल्या, "पण विकताना एक फोन करायला हवा होता. माझ्या बापाची जमीन होती ती." त्यांच्या बोलण्यात हाव नव्हती. प्रेमाचे संबंध कायम राहावेत म्हणून सही झाली, आणि सहीनंतर त्या संबंधांची गरज उरली नाही, हे त्यांना लागलं होतं.

मग कागद रद्द करता येत नाही का? येतो, म्हणजे दावा लावता येतो. फसवणूक झाली किंवा दडपण आणलं हे सिद्ध करावं लागतं, आणि ते कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी न्यायालयात जावं लागतं. महाराष्ट्रात मालमत्तेच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. तालुका विधी सेवा समितीकडून वकीलही फुकट मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि हे अजूनही फार थोड्या जणींना माहीत आहे. पण सिद्ध काय करणार? कुणी गळा धरलेला नसतो. प्रेमाने, गोडीगुलाबीने, पाठीवर हात ठेवून सही घेतलेली असते. कायद्याला दडपण म्हणजे धमकी चटकन समजते. सुतकातल्या घरात आईने नुसतं "कर गं बाई, मला भांडण नको" म्हणणं, हेही दडपण आहे हे न्यायाधीशांपुढे कसं मांडायचं?

म्हणून उपाय नंतर शोधण्यात अर्थ नाही, तो सहीच्या आधी हवा. आणि असा उपाय आपल्या कायद्याला परका नाही. विम्याची पॉलिसी घेतली आणि नको वाटली तर 30 दिवसांत परत करता येते. मोबाइलवरून कर्ज घेतलं तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे काही मुदतीत दंड न भरता ते परत करून मोकळं होता येतं. नवरा-बायको दोघांनाही घटस्फोट हवा असला तरी हिंदू विवाह कायदा त्यांना सहा महिने थांबवतो. न्यायालय ही अट योग्य प्रकरणी शिथिल करू शकतं, पण मूळ विचार थांबवण्याचाच आहे. आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं ते बाल न्याय कायद्याचं उदाहरण. परिस्थितीने गांजलेली आई आपलं मूल बाल कल्याण समितीच्या स्वाधीन करते, तेव्हा कायदा तिला समुपदेशन देतो आणि फेरविचारासाठी दोन महिने देतो. त्या दोन महिन्यांत ती मूल परत घेऊ शकते. दुःखात, अडचणीत, एकटेपणात घेतलेला निर्णय माणसाचा शेवटचा शब्द मानू नये, हे कायदा करणाऱ्यांना तिथे कळलेलं आहे. वडिलांच्या तेराव्याला सही करणाऱ्या मुलीच्या बाबतीत तेच का कळू नये?

भावांची बाजू मी टाळणार नाही, कारण ती खोटी नाही. गावात राहून आईवडिलांचं आजारपण काढलं ते त्याने. बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडलं ते त्याने. सातबाऱ्यावर पाच नावं असली की पीक कर्जाला, प्रत्येक कामाला पाच जणांच्या सह्यांसाठी धावपळ करायची त्याने. एकरभराचे तुकडे पाडून शेती परवडत नाही, हेही खरं. पण यातला एकही मुद्दा तेराव्याच्या आत हक्क सोडवून घेण्याचं कारण होत नाही. कर्जाच्या सहीसाठी बहीण त्या कामापुरतं संमतीपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र देऊ शकते. तुकडे पाडायचे नसतील तर तिच्या हिश्शाची किंमत हप्त्यांनी देता येते, किंवा खंड, म्हणजे जमीन कसण्याचं भाडं, ठरवता येतो. आईवडिलांचं केलं, त्याचा मान ठेवून बहीण कमी घ्यायला तयार होईल, पुष्कळदा होतेच. पण ते बोलणं व्हायला हवं. लग्नात दिलं म्हणता, तर भावाच्या शिक्षणाचा खर्चही कुणीतरी मांडावा लागेल. हे हिशोब कडू होतात खरे. न करता ठेवले तर ते कडूपण निघून जातं का? ते बहिणीच्या एकटीच्या वाट्याला जातं, एवढाच फरक.

आणखी एक आक्षेप बहिणींकडूनच येतो, आणि त्याचा मला जास्त आदर वाटतो. "मला माझ्या मर्जीने द्यायचंय. भाऊ गरीब आहे, माझं चांगलं चाललंय. तुम्ही कोण मला थांबवणार?" कुणीच नाही. द्यायचं तर जरूर द्यावं. पण जे मनापासून द्यायचंय ते सहा महिन्यांनीही देता येतं आणि तेव्हा ते देणं म्हणून उजळून दिसतं. भावालाही मग कळतं की हे बहिणीने विचार करून दिलंय, रीत म्हणून नव्हे. जी घाई सहा महिने थांबू शकत नाही, तिच्या मुळाशी बहुतेकदा हीच भीती असते की तिने विचार केला तर ती देणार नाही. असं असेल तर तो तिचा निर्णय नव्हताच.

माहेर तुटेल ही भीती मात्र खरी आहे, कायद्याने ती जाणार नाही. भाऊबीजेला दार उघडं राहील का, लेकाच्या लग्नात मामा उभा राहील का, हे बायका मनात धरून असतात. शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा, असं तिचं आवाहन होतं. कायद्याचा बडगा नसताना गावोगावी पुरुषांनी ते केलं. पुढे 1992 साली सरकारनेही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. म्हणजे गावातली माणसं बदलतात, कुणी विश्वासाने मागितलं तर. बायकोसाठी जे झालं ते बहिणीसाठी व्हायला काय हरकत आहे? ज्या घरात थोरला भाऊच म्हणेल, "आत्ता फक्त वारस लावू, सगळ्यांची नावं लागू देत, बाकीचं वर्षश्राद्ध झाल्यावर बसून बोलू", त्या घरातल्या बहिणीला माहेर तुटायची भीती वाटणार नाही.

सरकारकडे मागणी अशी. मालमत्ताधारकाच्या मृत्यूनंतर सहा महिने वारसाचं हक्कसोडपत्र नोंदवून घेऊ नये. त्यानंतर नोंदवलं तरी साठ दिवस फेरविचाराचे असावेत. त्या काळात निबंधकाकडे साधा अर्ज देऊन ते मागे घेता यावं, दावा लावावा लागू नये, आणि तोवर फेरफार धरू नये. दस्ताच्या पहिल्या पानावर तिच्या हिश्शाचं क्षेत्र आणि त्या दिवशीच्या बाजारमूल्य दराने होणारी किंमत ठळक अक्षरांत असावी, आणि ती तिला वाचून दाखवावी. कबुली घेताना खोलीत ती आणि निबंधक एवढेच असावेत. खरोखर निकड असेल, कुणाच्या आजारपणासाठी जमीन विकायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांनी कारण नोंदवून मुदत कमी करावी. भाऊ बहिणीसाठी सोडत असेल तरी नियम हाच असावा; थांबण्याची गरज त्यालाही आहे.

बांधाचे आणि भावबंदकीचे वाद याने वाढतील, असं महसूल खात्यातले काही जण म्हणतील. सुरुवातीला थोडे वाढतीलही. पण आज जे दावे दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षं पडून आहेत, त्यांतले कितीतरी घाईतल्या सह्यांपासूनच सुरू झालेले आहेत, हे त्याच खात्यातल्या लोकांना पक्कं माहीत आहे. 1994 मध्ये मुलींना समान हिस्सा देताना महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहिली नव्हती. केंद्राला तिथवर यायला आणखी अकरा वर्षं लागली. दस्तांची नोंदणी समवर्ती सूचीत आहे, म्हणजे मुदतीबद्दलची दुरुस्ती विधिमंडळात आणून राष्ट्रपतींच्या संमतीने करता येते. आणि कबुलीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर बसवायला तर विधेयकही नको, नोंदणी महानिरीक्षकांचं एक परिपत्रक पुरेसं ठरावं.